सांबाराचा रोवणा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या कॉलेजात खुशाल रामटेके एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक पुस्तक इकडचं तिकडे झालं नाही. तरी घरामागच्या सांदवाडीत त्यांना पान तोडायची मुभा नव्हती.

सांदवाडी म्हणजे मागच्या दाराबाहेरची, काट्यांच्या कुंपणातली आठ-दहा खाटा मावतील एवढी जागा. तिथे राज्य त्यांच्या बायकोचं, मीराबाईचं. कोपऱ्यात गोडनिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं झाड, नळाच्या ओलीवर पुदिना, भिंतीच्या कडेनं गवती चहा, मधे वांगी-मिरच्या, आणि पावसाळा सरला की सांबार. पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात तोच हा सांबार. पण मीराबाईचा सांबार बाजारात मिळायचा नाही. पान बारीक, देठ तांबूस, आणि वास असा की चार काड्या वरणात पडल्या तर कुंपणापलीकडून कमळाबाई विचारायची, "आज जेवाले कोणी पाहुणे आहेत का व, मीराबाई?"

हे बी मीराबाईनं लग्नानंतर आरमोरीहून आणलं होतं, आईच्या वाडीतलं. पुढे आई गेली. भावानं घर वाढवलं तेव्हा वाडीवर स्लॅब पडला. ते बी आता या एकाच घरी उरलं होतं. दरवर्षी पेरायचं, पान खायचं, शेवटची दहा-वीस झाडं बियाला सोडायची, असं चाळीस वर्षं चाललं. गेल्या वर्षी मात्र बी भरत आलं असताना गारांचा पाऊस झाला आणि सगळी झाडं आडवी झाली. हाती काही लागलं नाही. त्याच्या आधीच्या वर्षीचं मूठभर बी डबीत राखेत ठेवलेलं होतं, तेवढंच राहिलं. सांबाराचं बी काही वर्षानुवर्षं टिकत नाही. यंदा पेरलं नाही तर ते संपलं, हे मीराबाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते इतक्यांदा बोलून दाखवलं होतं की रामटेके सरांनाही पाठ झालं होतं.

आणि नेमकं यंदाच तिचा गुडघा बसला. दिवाळी झाली की चंद्रपूरला ऑपरेशन, आणि पुढे तीन महिने लेकीच्या घरी. रोशनी तिथे नर्स होती. तिच्याकडे लिफ्ट होती, बसायचा संडास होता, हातात धरायला भिंतीत दांडे ठोकून घेतले होते. मूलच्या घरात यातलं काहीच नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी असताना मीराबाईनं सरांच्या हातात ती डबी ठेवली.

"हे तुमी पेरा."

"मी?"

"मग कोण? शेजारच्या लटारूभाऊले सांगू? त्यायचं धान कापाले आलं."

"अगं, पण मले कुठी येते..."

"येत नाई म्हणूनच सांगून राह्यली. बी चपलीखाली रगडा. एकाच्या दोन फाका झाल्या पाह्यजेत, पीठ नाई. रातभर भिजवा. सकाळी फडक्यावर सुकवा, राखेत कालवा अन् वाफ्यात शिंपडून द्या. वरून माती, वरून धानाचं तणीस. उगवलं की तणीस काढून घ्या. बस."

सरांनी खिशातून डायरी काढून हे सगळं लिहून घेतलं. रोशनी गाडीतून म्हणाली, "बाबा, परीक्षा आहे का?" सर हसले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मीराबाईनं तिच्या राज्यातली एक वस्तू त्यांच्या हाती दिली होती, आणि ती नेमकी ही.

गाडी गेल्यावर त्यांनी दार लावलं, डबी टेबलावर ठेवली आणि कपाटातून परसबागेवरचं पुस्तक काढलं.

आता खरं तर पुस्तकाची गरज नव्हती. पण सरांचा स्वभाव असा, की स्वतःच्या मुलीचं नाव ठेवतानाही त्यांनी तीन शब्दकोश पाहिले होते. पुस्तकात लिहिलं होतं की रात्री थंडी पडू लागली, दिवसाचं ऊन सोसवेल असं झालं, की सांबार पेरावा; उन्हाळ्यात उगवतो कमी आणि फुलतो लवकर. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावाव्यात. पुदिन्याचं बी शोधत बसू नये, बाजारच्या जुडीतली पानं काढून देठ पाण्याच्या पेल्यात ठेवावेत, मुळ्या फुटल्या की अर्ध्या सावलीत, ओलीवर लावावेत. सरांना हे वाचताना फार बरं वाटलं. वाचताना सगळंच सोपं असतं.

त्यांनी दोरी धरून वाफा आखला. चार दिवस माती बारीक केली, खडे वेचले, शेणखत चाळून घेतलं. कमळाबाई शेतावर जाताना थांबून पाहायची.

"सर, तुमी सांबार पेरून राह्यले का पापड वाळवून राह्यले जी?"

"माती भुसभुशीत पाहिजे म्हणतात."

"भुसभुशीत झाली बाप्पा. आता तिले झोपू द्या."

बी रगडताना सर अगदी जपून पाय दाबत होते. चपलीखाली कुरकुर आवाज आला की ते थांबायचे, वाकून बघायचे, दोन फाका झाल्यात की पीठ झालंय. शेवटी त्यांनी चप्पल हातात घेतली आणि पाटावर हळूहळू रगडलं. रात्री भिजवलं, सकाळी सुकवलं, राखेत कालवलं आणि डोळे मिटल्यासारखं करून शिंपडलं. मूठभर बी, हात रिकामा व्हायला श्वास सोडायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

त्यानंतर बारा दिवस काही झालं नाही.

आठव्या दिवशी सरांनी तणसाच्या पेंढ्याचा कोपरा उचलून पाहिला. दहाव्या दिवशी दोनदा पाहिला. अकराव्या दिवशी त्यांनी पुस्तक पुन्हा काढलं. त्यात 'जुने बी उशिरा किंवा तुरळक उगवते' असं एक वाक्य होतं, ते आधी त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. तेराव्या दिवशी सकाळी तणसातून हिरवं टोक दिसलं. त्यांनी तणीस काढलं तर खाली सगळा वाफा हिरवा. एकाशेजारी एक, केसांसारखं दाट.

सर तिथेच बाजूच्या दगडावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिरा केला.

त्यांनी चूक केली ती यानंतर, वीस-बावीस दिवसांनी, आणि तिला काही अंशी पुस्तकच कारण झालं. पुस्तक म्हणत होतं, रोपं दाट झाली तर विरळणी करावी. मधली रोपं उपटून टाकावीत, म्हणजे राहिलेल्यांना जागा मिळते. सरांनी वाफ्याकडे पाहिलं. उपटून टाकायची? मीराबाईच्या आईच्या बियाचं एकेक रोप, आणि ते उपटून उकिरड्यावर? त्यांना ते जमणं शक्य नव्हतं. आणि मग त्यांना वाटलं, टाकायची कशाला, हा तर पऱ्हा आहे.

सर मूळचे मूलजवळच्या खेड्यातले, धानकऱ्यांच्या घरचे. धान कसं होतं हे तिथल्या लेकरालाही माहीत. एका कोपऱ्यात बी दाट टाकायचं, त्याचा पऱ्हा हिरवागार उठतो. मग तो उपटून चिखल केलेल्या बांधीत एकेक काडी रोवायची. तो रोवणा. सरांना नांगर कधी धरता आला नाही, बैल त्यांचं ऐकत नसत, पण रोवणा त्यांना येत असे. सगळ्या शेतीतलं तेवढं एकच काम ते न लाजता करू शकत. त्यांच्या वडलांच्या डोक्यात होतं, आणि त्यांच्याही: जे दाट उगवतं ते उपटून रोवलं की फुटवा धरतं, जोमानं वाढतं. वांगी, मिरच्या, त्यांचंही तसंच. मग सांबार का नाही? मीराबाई 'बस' म्हणाली होती खरी, पण तिनं सांगितलं ते पेरणीचं. पुढचं ती विसरली असेल.

विचारायला कोणी नव्हतं. कमळाबाई आणि तिचा नवरा लटारू पहाटे कापणीला जायचे ते दिवेलागणीला परतायचे. मीराबाईला फोन करायचा तर 'एवढंही येत नाही का' हे ऐकून घ्यायची सरांची तयारी नव्हती. त्यांना वाटलं, एकदा तरी कुणाला न विचारता काम नीट करून दाखवावं.

दोन दिवस ते कंबर मोडून राबले. शेजारच्या रिकाम्या तुकड्यात पाणी सोडून पायानं चिखल केला. रोपं उपटून जुड्या बांधल्या आणि दोरीच्या रेषेत, वीतभर अंतरानं, एकेक रोप रोवलं. तीनशेच्या वर झाली. जुना वाफा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाणी भरून दिलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. रांगा अगदी सरळ आल्या होत्या.

सकाळी सगळा रोवणा चिखलात झोपला होता.

सरांना आधी वाटलं, धानही रोवल्यावर दोन दिवस मान टाकतं. त्यांनी आणखी पाणी दिलं. संध्याकाळी पानं काळपट पडली. तेवढ्यात कमळाबाई विळा खांद्याला अडकवून कुंपणापाशी आली.

"हे काय केलं जी, सर?"

"रोवणा," सर म्हणाले.

"कशाचा?"

"सांबाराचा."

कमळाबाईनं विळा खाली ठेवला. आधी ती पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली, आणि मग मागे वळून ओरडली, "या जी इकडे. सरायनं सांबाराचा रोवणा केला."

लटारू आला. त्यानं कुंपणावरून वाकून पाहिलं. "वा. बांधी तर झक्कास केली. चुरणा कधी हाय सर? आमची मळणीची मशीन पाठवतो."

"अन् पोते?" कमळाबाई म्हणाली.

"पोते आरमोरीहून आणू, सासुरवाडीचे."

हे बोलून लटारू हसणार तोच त्याचं लक्ष सरांच्या तोंडाकडे गेलं. सर चष्मा काढून लुंगीच्या टोकानं पुसत होते, आणि तो पुसून झाला तरी पुसतच होते. कमळाबाईचंही हसू ओसरलं.

"हे मीराबाईचं बी होय?" तिनं हळू विचारलं.

"हो."

"सारं?"

"सारं."

कमळाबाई फाटकातून आत आली. तिनं एक रोप बोटानं उचललं आणि सरांना दाखवलं. "हे पाहा. धानाले झुपका असते मुळ्यांचा, तो तुटला तरी फुटते. सांबाराची मुळी एकच, सोट्यासारखी. ते उपटलं का गेलं. म्हणून त्याले जिथं पेराचं तिथंच ठेवाचं असते, जी. उपटाचं ते फक्त भाजीत टाकाले."

लटारूनं कुदळ घेतली, बांध फोडून पाणी काढून दिलं. कमळाबाईनं घरून गोणपाटं आणली, चार काठ्या रोवून सावली केली. "जे जगंल ते जगंल," ती म्हणाली. "सर, तुमी आता जेवा."

सर जेवले नाहीत.

आठवड्यानं मोजदाद झाली. तीनशेतली एकोणीस रोपं उभी होती, तीही अशी की त्यांना उभी म्हणायला मन मोठं लागावं.

मीराबाईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ऑपरेशन नीट झालं होतं. आता ती वॉकर धरून खोलीभर चालायची. ती सगळं विचारायची. गॅस संपला का. बीपीची गोळी घेता का. मिरचीची पानं मुरडून बोकड्या आला का. गवती चहाचं पातं कापता की मुळासकट उपटता. फक्त सांबाराचं विचारत नव्हती. सरांना आधी बरं वाटलं, आणि मग ते जास्तच जड जाऊ लागलं. त्यांची खात्री झाली की तिचा आपल्यावर पुरता विश्वास आहे, म्हणूनच ती विचारत नाही. असा विश्वास टाकणाऱ्या बाईला काय सांगायचं?

एकदा रोशनीनंच विचारलं, "बाबा, सांबार उगवला का?"

"उगवला," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग रोशनी म्हणाली, "आई फिजिओथेरपीला गेली," आणि विषय बदलला.

त्या आठवड्यातल्या बाजारातून सरांनी पावभर धने आणले. घरी येऊन पाट मांडला, चप्पल हातात घेतली. रिकामा वाफा तिथेच होता; पेरले की महिन्याभरात हिरवं दिसलं असतं, आणि मीराबाई येईपर्यंत सगळं भरून निघालं असतं. मग त्यांना कॉलेजातला एक प्रसंग आठवला. एका प्राध्यापकानं हरवलेल्या पुस्तकाच्या जागी त्याच जाडीचं, त्याच रंगाच्या पुठ्ठ्याचं दुसरं पुस्तक आणून ठेवलं होतं, आणि त्या माणसाशी सर पुढे कधी धड बोलले नव्हते. त्यांनी पाट उचलला. ते धने पुढे महिनाभर भाजीत संपले.

एकोणीस रोपांचं मात्र ते आईसारखं करायचे. सकाळी वाटीनं पाणी, दुपारी गोणपाट, संध्याकाळी गोणपाट वर. रोपांनी मूळ धरलं. पण ती पसरली नाहीत, पानांचा घेर केला नाही. डिसेंबर सरता सरता प्रत्येकातून एक बारीक दांडा सरळ वर निघाला, आणि नवी पानं शेपूसारखी चिरली गेली. सरांना वाटलं रोग पडला. पुस्तक काढलं. त्यात होतं: 'मुळांना इजा झाल्यास अथवा ताण बसल्यास झाड अकाली फुलावर येते. अशा झाडांचे बी धरू नये.'

त्यांनी पुस्तक मिटून पालथं ठेवलं.

कमळाबाईला त्यांनी हे वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा चुरणा आटोपला होता आणि लटारू ओट्यावर विडी ओढत बसला होता.

"फुलावर आलं?" कमळाबाई म्हणाली. "मग तुमचं तोंड असं काऊन?"

"पान तर गेलंच. आता बीही धरू नये म्हणते."

"कोण म्हणते?"

"पुस्तक."

लटारू म्हणाला, "त्या पुस्तकानं कधी सांबाराची चटणी खाल्ली होती का, सर?"

"तुमी गप बसा जी," कमळाबाई त्याला म्हणाली आणि सरांकडे वळली. "हे पाहा सर. मीराबाईनं तुमाले पान सांभाळाले देलं होतं का बी? पान तर बाजारात दहाची जुडी भेटते. झाड मराले लागलं का आधी लेकरायची सोय लावते. तुमचा सांबार घाबरून फुलला, तर फुलू द्या नं. धरा बी. चांगलं का वाईट ते मीराबाई पाहीन."

सरांनी हा विचार केलाच नव्हता. ते इतके दिवस पान गेलं म्हणून झुरत होते. घरी येऊन त्यांनी डायरी उघडली. मीराबाईच्या सूचना पुन्हा वाचल्या. पेरा, एवढंच ती म्हणाली होती. खा, असं कुठेच नव्हतं.

पण मन हलकं झालं म्हणावं तर नवी काळजी आली. जानेवारीत पांढरी फुलं आली, छत्रीसारखी, आणि दोन दिवस आभाळ दाटलं तसा दांड्यांवर मावा बसला. सरांनी राख भुरभुरली, साबणाच्या पाण्यानं एकेक दांडा दोन बोटांत धरून पुसला. पाच झाडं तरी गेलीच. राहिली चौदा. मग एका दुपारी सावली गावाकडून काळं आभाळ उठलं, वारा सुटला, गारा पडणार असं लोक म्हणू लागले. सरांनी मच्छरदाणी आणली, वर चटई टाकली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या, आणि स्वतः छत्री घेऊन पाऊण तास शेजारी उभे राहिले. चार टपोरे थेंब पडले. मग ढग सिंदेवाहीकडे निघून गेले. लटारू ओट्यावरून म्हणाला, "सर, छत्री मिटा. शेजारी पाहून राह्यले."

त्या चौदा झाडांवर हिरवे गोल दाणे धरले होते, जोंधळ्यापेक्षा थोडे मोठे.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मीराबाई परतली. पौर्णिमेला विहारात जायचंच, असं तिनं रोशनीला बजावलं होतं. गाडीतून ती काठी टेकत उतरली, रोशनीनं एका बाजूनं धरलं होतं. ती उंबरठा ओलांडायच्या आधीच, तिला पाणी विचारायच्या आधीच, सर बोलले. रात्रभर पाठ केलेलं वाक्य होतं, पण निघालं तुकड्यातुकड्यानं.

"सांबार गेला. माझ्या हातून. मी त्याचा रोवणा केला."

मीराबाई उंबरठ्यात थांबली. "काय केला?"

"रोवणा. पऱ्ह्यासारखा दाट आला होता, म्हणून मी उपटून..."

"दाट आला होता?"

"हो."

"उगवला होता?"

"सगळा. केसांसारखा. मी रोशनीले सांगितलं होतं."

मीराबाईनं लेकीकडे पाहिलं. रोशनी म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, आई. तू म्हणालीस, बाबा माझं मन राखायले सांगून राह्यले."

मीराबाई आत येऊन खुर्चीवर बसली. काठी बाजूला टेकवून ठेवली. मग ती म्हणाली, "मी जायच्या आधी वाटीभर मातीत वीस दाणे टाकून पाह्यले होते. खिडकीत, दसऱ्याच्या कडक उन्हात. पंधरा दिवस पाणी टाकलं. एक नाई उगवला."

"मग?"

"मग काय मग. मले वाटलं बी मेलं. मेलं आपल्या घरी, माझ्या डोळ्यादेखत. आईचं होतं नं ते. माझ्या हातानं पेरून, ते उगवत नाई हे पाहाची हिंमत नव्हती मले." तिनं पदर सारखा केला. "म्हणून तुमाले देलं. म्हटलं, यायच्या हातून उगवलं नाई तर कोणाले नवल वाटणार नाई. मलेही नाई."

रोशनी ओठ दाबून स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली.

खरं तर सरांना वाईट वाटायला हवं होतं. तीन महिने ज्या विश्वासाच्या ओझ्याखाली ते वाकले होते तो विश्वास कुणी टाकलाच नव्हता. पण त्यांना वाईट वाटेना. छातीवरून कुणी भरलेलं पोतं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. ते चक्क हसले, आणि त्यांना हसताना पाहून मीराबाई चिडली.

"दात काऊन काढून राह्यले? उगवलेला सांबार मारला तुमी, अन्..."

"सगळा नाई मेला," सर म्हणाले. "चौदा आहेत."

काठी टेकत ती मागच्या दारापर्यंत गेली. पायऱ्या दोनच होत्या, पण रोशनी नको नको म्हणत असताना ती उतरली. वाकायची मनाई होती, म्हणून सरांनी खुर्ची आणून वाफ्याला लागून ठेवली. मीराबाईनं एक दांडा जवळ ओढला, एक हिरवा दाणा तोडला, दोन बोटांत चिरडला आणि नाकाशी नेला. डोळे मिटले. सर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तोच आहे," ती म्हणाली.

"पण हे ताणानं फुललेलं आहे. पुस्तकात लिहिलं आहे, अशा झाडांचं बी..."

"पुढल्या साली अर्धं पेरून पाहू, अर्धं ठेवू. लवकर फुललं तर फुललं. आतापर्यंत आरमोरीहून इथवर आलं, पुस्तकालेही पुरून उरंल." तिनं दुसरा दांडा बघितला, तिसरा बघितला. "दाणे भरले आहेत. दांडे लवून राह्यले. काठ्या काऊन नाई लावल्या?"

"माहीत नव्हतं."

"मग आता लावा. अन् सुतळीनं बांधा, तारेनं नाई. सैल बांधा. हिरवे तोडाचे नाई, पिवळे पडू द्या, मग सकाळी दव असताना कापाचे, म्हणजे गळत नाईत."

सर काठ्या शोधायला गेले. परत आले तेव्हा कुंपणापलीकडे कमळाबाई आली होती, आणि मीराबाई तिला विचारून विचारून रोवण्याची गोष्ट काढून घेत होती: चिखल कसा केला, जुड्या कशा बांधल्या, लटारू पोत्यांचं काय म्हणाला. कमळाबाई उभ्या उभ्या सरांची नक्कल करून दाखवत होती, कमरेवर हात ठेवून. मीराबाई खुर्चीत मागे रेलून इतकी हसत होती की रोशनीला तिच्या गुडघ्याची काळजी वाटली.

"आई, हळू."

"हळू काय व. तीन महिने मी तिथी पडून रडून राह्यली, अन् हे इथी चिखलणी करून राह्यले."

सरांनी पहिल्या झाडाला काठी लावली. सुतळी दोनदा गुंडाळली, बोट आत जाईल एवढी सैल ठेवली. मागे कमळाबाई छत्रीच्या प्रसंगावर आली होती आणि त्यात चार थेंबांचा मुसळधार पाऊस झाला होता. सरांनी दुरुस्त केलं नाही. ते दुसऱ्या झाडाकडे सरकले.